पावरी आणि पावरा : खानदेशातील नृत्यांमागचे व्रत

आजच्या थ्रेडचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. तीन वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सूत्रसंचालनाची जबाबदारी माझ्याकडे होती. लोकनृत्याच्या फेरीत साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातून आलेला संघ रंगमंचावर येण्यापूर्वी मी मोठ्या आत्मविश्वासाने जाहीर केले, "आता सादर होत आहे सातपुड्यातील पावरा जमातीचे पावरी नृत्य!" टाळ्या पडल्या, नृत्य झाले, संघाला पारितोषिकही मिळाले.

कार्यक्रम संपल्यावर त्या संघाबरोबर आलेले वादक माझ्यापाशी आले. साठीच्या आसपासचे गृहस्थ, हातात फडक्यात गुंडाळलेली पावरी. शांतपणे म्हणाले, "भाऊ, आम्ही पावरा नाही. आम्ही कोकणा. आणि आमचा डोंगर सातपुडा नव्हे."

एका वाक्यात जमातही चुकली आणि पर्वतही. चूक करणारा इतिहासाचा विद्यार्थी, तोही जळगाव जिल्ह्यातच जन्मलेला. त्या दिवसापासून मी या नृत्यांविषयी जे वाचले, ऐकले आणि पाहिले, त्याचा हा गोषवारा. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. पावरा ही सातपुड्यातील जमात. धुळे जिल्ह्यातील शिरपूर, जळगाव जिल्ह्यातील चोपडा आणि यावल या तालुक्यांच्या उत्तरेकडील वनपट्ट्यात त्यांची वस्ती आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात याच लोकांचे आप्त बारेला म्हणून ओळखले जातात. आपण पावागडाकडून आलो, म्हणून पावरा, असे त्यांची परंपरा सांगते.

पावरी हे मात्र एक वाद्य आहे आणि ते प्रामुख्याने कोकणा समाजाचे. कोकणा राहतात सह्याद्रीच्या उत्तर टोकाला: धुळे जिल्ह्यातील साक्रीचा पश्चिम पट्टा, नाशिकमधील बागलाण, कळवण व सुरगाणा आणि गुजरातमधील डांग. आपले पूर्वज कोकणातून वर आले, अशी त्यांची आठवण आहे आणि ती त्यांच्या नावातच शिल्लक आहे. 'पावा' या आपल्या परिचित शब्दाचीच पावरी ही नातलग दिसते. म्हणजे पावरी वाजवणारा पावरा असतोच असे नाही, बहुधा नसतोच.

नकाशाचाही एक खुलासा करायला हवा, अन्यथा पुढील जुनी नावे गोंधळात टाकतील. इंग्रजी अमलातील एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तीच नावे जिल्ह्यांना मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे अक्कलकुवा, अक्राणी, तळोदे येथील ज्या घटनांचा उल्लेख पुढे येईल, त्या काळी त्या पश्चिम खानदेशातच मोडत होत्या.

आता पावरीकडे वळू. वेलीवर पूर्ण पिकू दिलेला, मग वाळवून आतून कोरलेला भोपळा हा तिचा श्वासकोश. त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या जोडतात; त्यांत सुरांसाठी छिद्रे आणि आत पाती. जोड मधमाशीच्या मेणाने बंद करतात. टोकाला आवाज फाकवण्यासाठी शिंग, आणि सजावटीला मोरपिसे. वादक भोपळ्याच्या वरच्या तोंडातून फुंकर घालतो आणि ती फुंकर तुटू देत नाही. गालांत साठवलेली हवा बाहेर जात असतानाच तो नाकाने श्वास घेतो. ही कला साधायला वर्षे लागतात. पालघरकडील वारल्यांचा तारपा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना याची कल्पना येईल. घराणे एकच, मात्र पावरीचा बांधा आटोपशीर असतो.

या सामग्रीकडे नीट पाहिले की लक्षात येते, यातील एकही वस्तू पूर्वी विकत आणावी लागत नसे. भोपळा परसात, बांबू आणि मेण रानात, शिंग गोठ्यात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. एकोणिसाव्या शतकातील कायद्यांकडे जाऊ तेव्हा ती उपयोगी पडेल.

पावरी सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगी वाजते ती डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात. मार्गशीर्षात, भात आणि नागली घरात आल्यानंतर, कोकणा आणि त्यांच्या शेजारचे भिल्ल हा उत्सव करतात. दरवर्षी प्रत्येक गावात होईलच असे नाही; नवस, आजार, पिकाची अवस्था, गावाची ऐपत यांवर ते अवलंबून असते. गावच्या मोकळ्या जागेत खळी आखतात, मधोमध खांब रोवतात. ज्यांनी व्रत घेतले त्यांना 'माऊली' म्हणतात. पुरुषांना माऊली म्हणून हाक मारली जाताना प्रथम ऐकली, तेव्हा मला पंढरीची वाट आठवली. दोन्हीकडे व्रतस्थ माणसाला आईच्याच नावाने हाक मारली जाते, याचे नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

माऊलीचे नियम कडक. व्रताचे दिवस पाच, सात, कुठे पंधरा. अनवाणी राहायचे, खाटेवर झोपायचे नाही, संसारापासून दूर राहायचे, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळायचे. दिवसा हा मेळा शेजारच्या गावांत नाचत फिरतो आणि धान्य मागतो. रात्री पुन्हा खळीत येतो. भगत विधी सांभाळतो, पावरकर नाच चालवतो आणि थाळकरी कथा सांगतो.

थाळकऱ्याचे वाद्य पाहून मी थक्क झालो. काशाची साधी थाळी, तिच्या मध्यावर मेणाने उभी चिकटवलेली एक काडी. काडीवरून ओली बोटे खाली ओढली की थाळीतून अखंड गुंजारव निघतो. त्या आवाजाच्या आधाराने रात्र-रात्र कथा चालतात: पृथ्वी कशी झाली, देव कसे आले, कणसरी म्हणजे धान्यमाता रुसून गेली तेव्हा काय झाले. नाच थांबला की थाळ, थाळ थांबला की नाच. खळीत बसलेल्या लहान मुलांना त्या समाजाचा सृष्टीविचार असा कानांवाटे मिळत असतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे ग्रंथालयच वाटते, फक्त ते वर्षातून थोडेच दिवस उघडते.

नाचाची रचना वरवर सोपी आहे. एकमेकांच्या कमरेत हात गुंफून माऊल्या खांबाभोवती फेर धरतात. सगळे लक्ष पावरकराकडे. त्याच्या प्रत्येक चालीला ठरावीक पदन्यास असतो. चाल बदलली की संपूर्ण फेर एका झटक्यात बदलतो, कोणी तोंडाने सूचना देत नाही. वेग वाढतो, काहींच्या अंगात वारे येते, भगत त्यांना सावरतो. पौर्णिमेच्या रात्री हा सर्व मेळा डोंगरावरील गुहेकडे, ज्याला ते गड म्हणतात, तिकडे जातो. तेथे रात्र जागवायची, पूजा करायची आणि पहाटेनंतर उतरून व्रत सोडायचे. मी दोन रात्री गावच्या खळीपाशी बसलो, गडावर गेलो नाही. ज्याने व्रत घेतलेले नाही त्याने तेथे कशासाठी जावे?

खळीत प्रेक्षकांची बाजू अशी नसतेच. फेर आतल्या बाजूला तोंड करून असतो. बाहेर बसलेल्यांना नाचणाऱ्यांच्या पाठी दिसतात. ज्याच्यासाठी नाच चालला आहे तो मध्ये रोवलेला खांब आहे. रंगमंचावर मात्र हाच फेर अर्धवर्तुळ करावा लागतो, कारण परीक्षक समोर बसलेले असतात.

येथे थोडे देशाबाहेर डोकावू. एका वाचकाने मला चीनच्या युन्नान प्रांतातील यी समाजाच्या नृत्याची चित्रफीत पाठवून विचारले होते, हे आपल्या पावरीसारखे दिसते, काही संबंध आहे का? साम्य खरोखर लक्षवेधी आहे. तेथेही सुकवलेल्या भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवलेले वाद्य आहे, तेथेही वादक मध्ये आणि भोवती फेर, रात्री मध्यभागी जाळ. त्यांचा मशालींचा सणही प्रसिद्ध आहे. तो त्यांच्या पंचांगातील सहाव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवसाच्या सुमारास येतो. परंतु आतली यंत्रणा निराळी. यींच्या वाद्यात नळ्या अनेक असतात आणि पात्यांची घडण वेगळी असते. शिवाय भोपळा आणि बांबू जेथे उगवतो, तेथे माणसाला त्यातून सूर काढण्याची कल्पना सुचणे हे काही दुर्मीळ नव्हे. समाजमाध्यमांवर अशा साम्यावरून थेट स्थलांतराच्या कथा रचल्या जातात, त्यापासून कृपया दूर राहा. तुलनेचा उपयोग इतकाच की डोंगराळ शेतकरी समाजांत फेराचे नृत्य किती दूरवर आणि किती स्वतंत्रपणे टिकून आहे ते कळते.

आता तापी ओलांडून उत्तरेस, सातपुड्यात जाऊ. येथे वर्षाचा मोठा सण होळी. ढोल आणि मांदल ही येथील प्रमुख वाद्ये, सोबत बासरी. होळीच्या आधी काही दिवस पुरुष व्रत धरतात आणि त्यांतून 'बावा' व 'बुध्या' तयार होतात. अंगावर राखेचे किंवा तांदळाच्या पिठाचे ठिपके आणि पट्टे, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे उंच टोप, त्यांत मोरपिसे, कमरेला घंटा किंवा सुकलेले भोपळे. पाऊल पडले की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि अख्खा मेळा वाजत चालतो. काहीजण स्त्रीवेष घेतात, काळ्या रंगाने तोंड माखतात. पाहणाऱ्याला हे निव्वळ सोंग वाटते, परंतु येथेही नियम डोंगऱ्यादेवासारखेच आहेत: जमिनीवर झोपणे, आंघोळ न करणे, पत्नीपासून दूर राहणे, दिवस पूर्ण झाल्यावर विधिपूर्वक व्रत सोडणे.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी यांपैकी सर्वांत विख्यात. काठी हे पश्चिम खानदेशातील मेहवासी संस्थानांपैकी एक. ही होळी १२४६ पासून चालत आली, असे तेथे सांगितले जाते आणि वृत्तपत्रे दरवर्षी ते छापतात. तेराव्या शतकातील नेमका सन मौखिक परंपरेत कसा टिकला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. पण सन बाजूला ठेवला तरी होळीचे महत्त्व तिळमात्र कमी होत नाही. दूरच्या रानातून आणलेला साठ-सत्तर फुटी बांबू तेथे उभारतात, सातपुड्यातील असंख्य पाड्यांचे ढोल रात्रभर एका मैदानात वाजतात आणि होळी पेटते ती संध्याकाळी नव्हे, पहाटे. हजारो लोक त्या क्षणापर्यंत नाचत थांबलेले असतात. त्यानंतर इतर गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे एका गावचा मेळा दुसऱ्या गावी जाऊ शकतो.

होळीच्या आधीच्या आठवड्यातील बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. मध्य प्रदेशात त्यालाच भगोरिया हे नाव रूढ आहे. शिरपूर तालुक्यातील बोराडीसारख्या गावांत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. लोक गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कडे घेतात, पाड्यापाड्यांतून ढोल येतात. आता हा आठवड्याचा बाजारच होय, फक्त होळीच्या पूजेचे सामान ज्यात घ्यायचे तो. परंतु कित्येक दशके वृत्तपत्रांनी, पर्यटन-पुस्तिकांनी आणि हल्ली चित्रफितींनी त्याची ओळख 'मुलगी पळवून नेण्याचा सण' अशी करून दिली आहे. पावरा, बारेला आणि भिल्ल तरुण-तरुणी गेली अनेक वर्षे याला जाहीर आक्षेप घेत आहेत. आपल्या बाजाराला बाहेरून आलेला माणूस कॅमेरा घेऊन अशा दृष्टीने फिरू लागला तर आपल्याला कसे वाटेल? तुम्ही असा मजकूर पुढे पाठवला असेल तर आता थांबवा, एवढीच विनंती.

ही दृष्टी आली कोठून? यासाठी १८१८ पर्यंत मागे जावे लागते. पेशवाई संपली, खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. त्या वेळी सातपुडा आणि सह्याद्रीचे घाट भिल्ल नाईकांच्या हाती होते. काही वर्षे लष्करी मोहिमा चालल्या, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. मग १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले. ते काम जेम्स औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटकडे आले. भिल्ल पलटणीचे ठाणे होते आपल्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव. औट्रम भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला जाई, त्यांच्यात मिसळे, मेजवान्या देई. या माणसाने भिल्लांना 'माणसाळवले' असे त्याच्या चरित्रकारांनी कौतुकाने लिहिले आहे. तो शब्दच सारे सांगून जातो.

पुढे याच पलटणीशी संबंधित कॅप्टन ग्रॅहॅमने खानदेशातील भिल्लांचा वृत्तान्त लिहिला. तो १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांत छापला गेला. दोनच वर्षांत, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यातील आंबापाणी येथे इंग्रज फौज आणि खाज्या नाईक व भीमा नाईक यांचे भिल्ल समोरासमोर ठाकले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईकच उठाव करून उभा राहिला होता. अशा काळातील अधिकाऱ्याला काय हवे असणार? कोणत्या नाईकाकडे किती माणसे, घाट कोणाचा, शस्त्रे किती. रात्री पेटलेला जाळ आणि ढोलाचा आवाज त्याच्या दृष्टीने एकतर करमणूक, नाहीतर धोका.

१८८० मध्ये खानदेशचे गॅझेटिअर निघाले. आम्हा विद्यार्थ्यांचे हे आजही पहिले संदर्भपुस्तक आहे आणि त्यातील परिश्रमांविषयी मला आदर आहे. मात्र त्याची मांडणी जातवार: घर कसे, वस्त्र कोणते, अन्न काय, सण कोणते. नाच त्या यादीतील एक बाब होतो. पावरकराने चाल बदलली की फेर कसा बदलतो, हे जाणून घ्यायला खळीपाशी रात्रभर बसावे लागते. यादी करणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ल बोली व खानदेशी यांना वाहिलेला भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पावरीसह (येथे पावरी म्हणजे पावरा लोकांची बोली, गोंधळात आणखी भर!) अनेक बोलींचे नमुने आहेत. तुलना सोपी व्हावी म्हणून सर्वत्र एकच मजकूर भाषांतरित करून घेतला जाई: बायबलमधील उधळ्या मुलाची गोष्ट. पद्धत म्हणून ती चुकीची नव्हती. पण ज्या लोकांकडे रात्र-रात्र पुरतील इतक्या कथा होत्या, त्यांच्या बोलीचा मोठा छापील नमुना परक्या कथेचा निघावा, हे मला आजही खटकते.

कागदावर काय आले नाही, याहून परिणामकारक ठरले ते कायदे. १८७८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षी भारतीय वन कायदा आला आणि मुंबई अबकारी कायदाही. पहिल्याने राखीव जंगले आखली आणि बांबू, लाकूड, मध-मेण यांसाठी रानात शिरणाऱ्याला रखवालदाराला उत्तर द्यावे लागू लागले. दुसऱ्याने घरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरवले. पावरीची सामग्री आठवा. होळीचा उंच बांबू आठवा. देवाला धार सोडल्याशिवाय ज्यांचा विधी पूर्ण होत नसे, त्यांना आता ती धार ठेकेदाराच्या दुकानातून विकत आणावी लागली, तीही बऱ्याचदा उधारीवर. नाचावर बंदी घालणारा कायदा कोणी केला नाही. त्याची गरजही पडली नाही.

याच ठिकाणी कथेला एक अनपेक्षित वळण मिळते, आणि या विषयातील माझा सर्वांत आवडता भाग तो आहे. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरात व लगतच्या पश्चिम खानदेशात सलाबाई नावाच्या देवीची लाट आली. माणसे एकत्र बसत, अंगात देवी येई, डोके घुमू लागे आणि त्या घुमणाऱ्याच्या तोंडून आज्ञा निघे: दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या मक्तेदारांकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. खळीत ज्या देहभाषेने डोंगऱ्यादेव बोलत असे, त्याच देहभाषेत आता मक्तेदाराविरुद्धची असहकारिता बोलू लागली. बाहेरून कोणी सुधारक येऊन हे शिकवून गेला नव्हता.

त्यानंतर १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदे भागात गुलाम महाराजांची चळवळ उभी राहिली. दर सोमवारी आरतीला प्रचंड जनसमुदाय जमत असे. व्यसनमुक्ती, स्वच्छता आणि एकमेकांना 'आप' असे सन्मानाने संबोधणे, हा तिचा गाभा. ज्यांना गावात सर्वजण अरे-तुरे करीत, त्यांनी परस्परांना आप म्हणायला प्रारंभ करणे ही लहान गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले, तरी बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे नेले.

या चळवळींचा नृत्यांवर काय परिणाम झाला? येथे मला स्वतःशीच थोडे भांडावे लागते. दारू सुटली, सावकाराचा फास सैल झाला, आत्मसन्मान आला. तथापि ज्या घरांनी माळ घातली त्यांतील अनेकांनी बळी, धार आणि अंगात येणे यांच्याबरोबर खळीही सोडली. नृत्याचा चाहता म्हणून त्याबद्दल हळहळ वाटते. पण त्या नृत्यासाठी कोणी कर्जात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? आज साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात काही कुटुंबे बोकडाऐवजी नारळ वाहून डोंगऱ्यादेव करतात. माझ्या दृष्टीने तोही त्याच परंपरेचा पुढचा टप्पा आहे. परंपरा शंभर वर्षांपूर्वी जशी होती तशीच गोठलेली राहावी, हा आग्रह बहुधा खळीत न नाचणाऱ्यांचाच असतो.

स्वातंत्र्यानंतर नृत्य रंगमंचावर आले. १९५३ पासून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत देशभरातील लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. राज्याराज्यांतून पथके जाऊ लागली, शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांनी तोच साचा उचलला. याचे लाभ खरे आहेत. ज्या पोरांना वसतिगृहात आपली बोली बोलायला संकोच वाटे, ती मोरपिसे लावून छाती पुढे काढून उभी राहू लागली. पण साच्याच्या अटीही आल्या. आठ मिनिटांची मर्यादा, सर्वांचा एकरंगी पोशाख, पावरकर उपलब्ध नसेल तर ध्वनिमुद्रित पावरी. आणि पावरकर नसला की चाल बदलण्याचा निर्णय कोणाचा? ध्वनिफितीचा. फेराने ज्याच्याकडे पाहायचे, तोच तेथे नसतो.

गावाकडे अडचण आणखी निराळी आहे. कांदा आणि ऊस यांच्या हंगामात, बांधकामांवर, तरुण बाहेर असतात. मार्गशीर्षात पंधरा दिवस अनवाणी राहण्यासाठी रजा कोण देणार? मग व्रत पाच दिवसांवर येते. लग्नांत पावरीची जागा डीजेने घेतली आहे, त्यामुळे पावरकराची वर्षभराची मिळकत घटली आणि मुलगा वाद्य शिकेना. मात्र त्याच मुलाने पावरीच्या चाली भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ठेवल्या आहेत आणि त्या ऐकून शेजारच्या गावातील दोघे शिकत आहेत, हेही मी पाहिले. एकाच घरातील या दोन गोष्टींपैकी कोणती अधिक टिकेल, याचा अंदाज मी बांधत नाही.

स्पर्धेत ज्यांनी माझी चूक दाखवली होती, त्यांच्याच घरी मी पुढच्या मार्गशीर्षात गेलो. आढ्याला दोन भोपळे टांगलेले होते. त्यांनी एक खाली काढून माझ्या हाती दिला. पिसासारखा हलका. म्हणाले, पावरीला भोपळ्याची मान लांब आणि सरळ लागते, म्हणून वेल मांडवावर चढवायची, फळ लोंबकळते ठेवायचे, जमिनीला टेकू द्यायचे नाही, आणि हिवाळा येईपर्यंत तोडायचे नाही. रांगेत हावरटपणा करणाऱ्या शेजाऱ्याने मध्येच भाजीसाठी तोडला तर वर्ष गेले. निघताना त्यांनी कागदाच्या पुडीत मूठभर बिया बांधून दिल्या.

मृग लागल्यावर मी त्या आमच्या जळगावच्या घरामागे लावल्या. वेल उत्तम आली, मांडवही केला, भोपळे धरले. पण सगळे आखूड मानेचे, गोलमटोल निघाले. त्यांना फोन करून सांगितले तर हसले. म्हणाले, "कडू नसतील तर भाजी करा भाऊ. बिया तेवढ्या ठेवा, पुढच्या वर्षी मांडव उंच घाला."